दुपारी साडेबारापर्यंत मुखपृष्ठे का दिसत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघांची टीम आहे, एकाच सर्व्हरवर ३५ सार्वजनिक ग्रंथालयांची ऑनलाइन सूची चालते. वाचकाने शोध घेतला की निकालातल्या प्रत्येक पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि दोन ओळींची माहिती गूगल बुक्स आणि ओपन लायब्ररीकडून तिथल्या तिथे मागवली जाते. गेले काही महिने सकाळी अकराच्या सुमारास गूगलकडून ४२९ (‘मर्यादेपेक्षा जास्त वेळा विचारले’ असे सांगणारा आकडा) येऊ लागतो, मुखपृष्ठे गायब होतात आणि दुपारी जेवणाच्या वेळेला आपोआप परत येतात. ओपन लायब्ररीकडून मधूनच ४०३ (‘परवानगी नाही’) येतो. चार-पाच वेगळी खाती काढून त्यांच्या एपीआय की (माहिती मागताना प्रोग्रॅमने सेवेला दाखवायची ओळखखूण) आळीपाळीने वापरल्या तर चालेल का, आणि चालत नसेल तर दुसरा मार्ग कोणता, असे विचारले आहे.

की वाढवू नका. एक तर ते सेवेच्या अटींत बसत नाही आणि पकडले गेलात तर पाचही की एकदम जातील. दुसरे म्हणजे त्याने तुमचा प्रश्न सुटतच नाही, फक्त अकराऐवजी साडेअकराला उभा राहतो. मी वीस वर्षे ग्रंथालयांसाठी सॉफ्टवेअर लिहितेय. या काळात कोटा खरोखर अपुरा पडलाय अशी ग्रंथालये मला फार थोडी भेटली. बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात होता. तुमच्याकडेही तेच चाललेय.

आधी जेवणाच्या वेळेचे कोडे सोडवू. गूगल बुक्सचा ठरलेला कोटा एका प्रोजेक्टला दिवसाला १००० रिक्वेस्टचा, म्हणजे मागण्यांचा, असतो आणि तो ‘दिवस’ अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री बदलतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेले असतात. म्हणजे कोणी काही दुरुस्त केलेले नसते, नवा दिवस सुरू झालेला असतो.

आता हिशेब. तुमच्या निकालाच्या पानावर २० पुस्तके दिसतात आणि प्रत्येकाला एक रिक्वेस्ट जाते. म्हणजे ५० शोधांत १००० संपले. ५० शोध ३५ ग्रंथालयांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला दीड शोधही येत नाही. आणि हे शोध माणसांनीच घेतले असतील असेही नाही. सर्व्हरचा लॉग उघडा, शोधपानावर आलेल्यांचे युजर-एजंट (प्रत्येक प्रोग्रॅम आपली ओळख म्हणून पाठवतो ते नाव) मोजा. सूचीच्या पानांवर रात्रंदिवस फिरणारे क्रॉलर, म्हणजे पाने आपोआप वाचत जाणारे प्रोग्रॅम, तुम्हाला पोत्याने सापडतील. एखादा क्रॉलर ‘लेखकानुसार’, मग ‘वर्षानुसार’, मग ‘उलट क्रमाने’ अशा प्रत्येक दुव्यावर जातो आणि तुमचा सर्व्हर इमानदारीने प्रत्येक वेळी वीस रिक्वेस्ट बाहेर पाठवतो. वाचनालयाचे दार उघडायच्या आत निम्मा कोटा तिथेच जातो.

उलट बाजूने मोजा. समजा, प्रत्येक ग्रंथालय वर्षाला ८०० नवी पुस्तके घेते. ३५ ग्रंथालयांची मिळून २८,००० झाली. दोन ग्रंथालयांनी एकच पुस्तक घेतले असेल हे सोडून दिले, तरी दिवसाला सरासरी ७७ पडतात. १००० च्या कोट्यात ७७. एवढाच तुमचा खरा खर्च आहे. माहिती मागायची वेळ वाचक शोधतो ती नाही, पुस्तक दाखल होते ती आहे. दाखल नोंदवहीत क्रमांक पडला की एकदा मागा, आलेले उत्तर आपल्या डेटाबेसात ठेवा, मुखपृष्ठ आपल्या डिस्कवर ठेवा आणि वाचकाला कायम आपल्याकडचेच दाखवा. प्रत्येक सेवेच्या अटींत किती दिवस साठवायची परवानगी आहे ते मात्र आधी वाचा, सगळ्यांचे नियम सारखे नाहीत. लायब्ररीथिंग या पुस्तकसूचीच्या संकेतस्थळाने २००८ मध्ये दहा लाख मुखपृष्ठे ग्रंथालयांसाठी मोफत खुली केली, तेव्हा चित्रे आपल्याकडे साठवून ठेवायला त्यांची हरकत नव्हती. ॲमेझॉनच्या प्रॉडक्ट ॲडव्हर्टायझिंग एपीआयची चाल वेगळी होती. तिथे पहिल्या तीस दिवसांत सेकंदाला १ आणि दिवसाला ८६४० रिक्वेस्ट मिळत, पुढची मर्यादा तुमच्या दुव्यांवरून झालेल्या विक्रीवर ठरे. ग्रंथालय काही विकत नाही, त्यामुळे ती सेवा आपल्यासाठी नव्हतीच. तरी कित्येकांनी ती मुखपृष्ठांसाठी जोडली होती.

साठवणूक करताना सगळ्यात जास्त चुका कुठे होतात ते सविस्तर सांगते, कारण हे मी स्वतः दोनदा चुकले आहे. बाहेरच्या सेवेची उत्तरे तीन प्रकारची असतात: ‘हे घ्या’, ‘आमच्याकडे नाही’ आणि ‘आत्ता सांगता येत नाही’. बहुतेक प्रोग्रॅम पहिले तेवढे साठवतात. दुसरे न साठवल्यामुळे जे पुस्तक त्यांच्याकडे नाही त्याचीच चौकशी रोज होते, आणि मराठी पुस्तकांच्या बाबतीत ‘नाही’ हेच उत्तर जास्त वेळा येते. म्हणजे कोटा नेमका जिथे काही मिळणार नाही तिथे खर्च होतो. ‘नाही’ सुद्धा तारखेसह नोंदवा आणि महिना-दोन महिने परत विचारू नका. तिसऱ्या उत्तराचा घोटाळा याहून वाईट. ४२९ आला किंवा वेळेत उत्तरच आले नाही (टाइमआउट) आणि प्रोग्रॅमने त्याला ‘नाही’ समजून साठवले, तर कोटा संपलेल्या एका सकाळी शेकडो चांगल्या पुस्तकांवर ‘मुखपृष्ठ उपलब्ध नाही’ असा शिक्का बसतो आणि महिनाभर तसाच राहतो. आमच्याकडे हे झाले होते. ग्रंथपाल बाई फोनवर एवढेच म्हणाल्या, ‘अहो ताई, परवापर्यंत दिसत होतं हे पुस्तक.’ त्यांनी सांगितलेला ‘परवा’ लॉगमध्ये शोधला तेव्हा चूक हाती लागली.

याच प्रकारातली आणखी एक चूक. ओपन लायब्ररीच्या मुखपृष्ठ सेवेकडे चित्र नसेल तर ती ठरावीकपणे एक कोरे चित्र पाठवते, आणि तुमचा प्रोग्रॅम ते २०० (‘सगळे ठीक’) म्हणून आनंदाने साठवतो. पत्त्याच्या शेवटी ‘डिफॉल्ट = फॉल्स’ हे पॅरामीटर जोडले तर चित्र नसताना सरळ ४०४ (‘सापडले नाही’) मिळतो. जुन्या साठ्यातली शंभर-दोनशे बाइटच्या आतली चित्रे शोधून काढा, ती सगळी अशीच आलेली असणार.

तुमचा ४०३ ही तिथलाच आहे. ४०३ म्हणजे परवानगी नाही असे आपण शिकलेलो असतो, म्हणून लोक की आणि परवान्याच्या मागे लागतात. ओपन लायब्ररीची मुखपृष्ठे आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) वापरून मागितली तर एका आयपी पत्त्याला पाच मिनिटांत १०० एवढीच मुभा आहे, आणि ती ओलांडली की उत्तर ४२९ नव्हे, ४०३ येते. त्यांच्या स्वतःच्या मुखपृष्ठ क्रमांकाने मागितले तर ही मर्यादा लागत नाही. म्हणून पुस्तकाची माहिती एकदा मागताना त्यात येणारा मुखपृष्ठ क्रमांक आपल्या नोंदीत ठेवून द्या. माहितीही एकेक मागू नका, एका रिक्वेस्टमध्ये अनेक आयएसबीएन देता येतात.

गूगलकडूनही कधी ४०३ येतो, त्याचे कारण निराळे. क्लाउडवरच्या सर्व्हरचा देश त्यांना ओळखता आला नाही तर ते भौगोलिक बंधनाचा निरोप पाठवतात. रिक्वेस्टमध्ये देशाचे पॅरामीटर ‘आयएन’ असे द्या, तो बंद होईल. सांगायचे एवढेच की आकड्याखालचा मजकूरही लॉगमध्ये लिहा. नुसता ४०३ लिहिलेला लॉग वाचून काही कळत नाही.

काही जण सुचवतील की सर्व्हरवरून मागूच नका, वाचकाच्या ब्राउझरमधून मागा, म्हणजे मोजणी वाचकाच्या पत्त्यावर होईल. गूगलचे मुखपृष्ठाचे दुवे त्याच पद्धतीसाठी बनवलेले आहेत आणि कोहा या ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरमध्येही ती सोय आहे. पण आपल्याकडचे वाचनालय डोळ्यांसमोर आणा. अभ्यासिकेत दहा संगणक, सगळे एका ब्रॉडबँडवर, बाहेरून दिसणारा पत्ता एकच. पाच मुलांनी एकेक शोध घेतला की २० गुणिले ५, ओपन लायब्ररीची शंभरी भरली. शिवाय कोणता वाचक काय शोधतोय याची वर्दी बाहेरच्या कंपनीला जाते. आजाराविषयी किंवा कायद्याविषयी पुस्तक शोधणाऱ्या माणसाने आपल्या ग्रंथालयावर टाकलेला तो विश्वास आहे. मी हा मार्ग तात्पुरता म्हणूनही सुचवत नाही.

एका सर्व्हरवर अनेक ग्रंथालये असली की मोजणीची जागा बदलावी लागते. कोहाचे उदाहरण घ्या. हे सॉफ्टवेअर १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयासाठी लिहायला घेतले आणि २००० च्या जानेवारीत सुरू झाले. त्यात एकाच पुस्तकाच्या इतर आवृत्त्या दाखवण्यासाठी ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेची एक्सआयएसबीएन आणि लायब्ररीथिंगची थिंगआयएसबीएन या सेवा जोडल्या होत्या. रोजची मर्यादा पाळता यावी म्हणून सेटिंग्जमध्ये एक आकडा ठेवला होता, ठरावीक ९९९. डेटाबेसात एक छोटे टेबल होते, सेवेचे नाव आणि आज किती वेळा विचारले त्याची मोजणी. साधी आणि चांगली व्यवस्था. पण ही मोजणी प्रत्येक कोहाची वेगळी. एका सर्व्हरवर पंचवीस कोहा चालवले की प्रत्येकाला वाटते आपण ९९९ च्या आत आहोत, आणि बाहेर एकाच पत्त्यावरून पंचवीसपट जातात. तुमच्याकडे ३५ आहेत. म्हणून बाहेर जाणारी प्रत्येक रिक्वेस्ट एकाच दारातून जाऊ द्या: एक छोटी सेवा, तिची एक रांग, एक कॅश (आलेल्या उत्तरांचा साठा), एक मोजणी. ३५ ग्रंथालये तिच्याकडे मागतील आणि बाहेर फक्त ती बोलेल. एका तालुक्याच्या ग्रंथालयाने घेतलेले पुस्तक दुसऱ्याने घेतले तर बाहेर जावेच लागणार नाही.

रांगेचा वेग कोट्याच्या थोडा खाली ठेवा, ८० टक्के पुरे. ४२९ आला आणि त्याबरोबर ‘रिट्राय-आफ्टर’ (परत कधी विचारायचे ते) आला तर तो पाळा. तो कधी सेकंदांत असतो, कधी तारीख-वेळ असतो, दोन्ही वाचता आले पाहिजेत. नसेल तर आधी दोन सेकंद, मग चार, मग आठ असे थांबत जा आणि प्रत्येक वेळी थोडी यादृच्छिक भर घाला. ही भर का घालायची ते मला महागात पडून कळले. आमच्या प्रत्येक ग्रंथालयाचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम) रात्री बरोबर दोनला लागायचा, कारण तो आकडा मीच एकदा लिहिला होता आणि सगळीकडे तोच गेला. दोनच्या ठोक्याला सगळे एकदम निघायचे, एकदम अडायचे, आणि ठरलेल्या सेकंदांनी एकदम परत धडकायचे. एका सेवेने आमचा पत्ता बंद केला. चार दिवस आम्हाला कोणाशी बोलायचे ते कळेना आणि त्यांनाही आम्ही कोण ते कळेना, कारण आमच्या युजर-एजंटमध्ये नुसते प्रोग्रॅमिंग भाषेचे नाव होते. तेव्हापासून सॉफ्टवेअरचे नाव आणि उत्तर मिळेल असा ईमेल मी प्रत्येक रिक्वेस्टमध्ये पाठवते. ओपन लायब्ररी तर अशी ओळख देणाऱ्याला सेकंदाला ३ रिक्वेस्ट देते आणि न देणाऱ्याला १. नाव सांगितल्याबद्दल तिप्पट मिळतात, ते सोडू नका.

ही मर्यादा कंजूषपणाने घातलेली नाही हेही लक्षात घ्या. ओपन लायब्ररी इंटरनेट आर्काइव्ह ही ना-नफा संस्था चालवते. मे २०२३ मध्ये कोणीतरी ६४ आभासी यंत्रांवरून त्यांच्या मजकुराच्या फायली ओढायला सुरुवात केली, सेकंदाला हजारो रिक्वेस्ट, आणि साइट सगळ्यांसाठीच काही काळ बंद पडली. ऑक्टोबर २०२४ मधल्या हल्ल्यांनंतर तर ओपन लायब्ररीसह सगळेच कित्येक दिवस बंद होते. त्या दिवसांत ज्यांनी माहिती आपल्याकडे साठवली होती त्यांच्या वाचकांना काही जाणवले नाही. आणि सेवा कायमच्याही जातात. एक्सआयएसबीएन २०१६ मध्ये बंद झाली, गुडरीड्सने डिसेंबर २०२० पासून नव्या एपीआय की देणे थांबवले. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत ती कुठून आणि कोणत्या तारखेला आली ते लिहून ठेवा.

आता जुना साठा. प्रत्येक ग्रंथालयात २०,००० पुस्तके धरली तर ३५ जणांची ७ लाख. दिवसाला १००० ने ७०० दिवस लागतील. हे काम एपीआयने करायचेच नाही. ओपन लायब्ररी दर महिन्याला आपला सगळा डेटा डम्प म्हणून, म्हणजे एकगठ्ठा फाइलमध्ये, देते. एका ओळीत एक नोंद, टॅबने वेगळे केलेले पाच रकाने, शेवटच्यात जेसन स्वरूपातली माहिती. फाइल कित्येक जीबीची आहे, पण ती उलगडून बसू नका. दाबलेल्या अवस्थेतच ओळ-ओळ वाचत जा आणि आयएसबीएन ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो, म्हणजे भारतातला आहे, किंवा भाषा मराठी आहे अशा ओळी वेगळ्या काढा. साधा लॅपटॉप हे एका रात्रीत करतो. आधी डम्पमध्ये शोधा, तिथे न सापडलेलेच बाहेर विचारा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही २०१७ मध्ये अडीच कोटी मार्क नोंदी (मार्क म्हणजे ग्रंथालयीन नोंदींचा ठरलेला नमुना) अशाच मोफत उतरवून घ्यायला दिल्या. मराठीसाठी त्या फार मोलाच्या आहेत. पीएल-४८० या अमेरिकी धान्य-मदतीच्या करारात गव्हाच्या बदल्यात जमलेल्या रुपयांतून भारतीय पुस्तके अमेरिकेतल्या ग्रंथालयांसाठी घेतली गेली, आणि १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतले कार्यालय हे काम करते. आपल्याकडे ज्यांची नोंद मिळत नाही अशी साठ-सत्तर सालातली मराठी पुस्तके तिथे व्यवस्थित नोंदवलेली आहेत.

फक्त शोधताना लिपीचे भान ठेवा. तिथली शीर्षके रोमन लिपीत ठरलेल्या नियमाने लिहिलेली असतात. आपण ‘ज्ञान’ इंग्रजीत लिहिताना डी-एन-वाय लिहितो, तिथे ज्ञ साठी जे आणि डोक्यावर लाट असलेला एन असतो. डी-एन-वायने शंभर वेळा विचारले तरी ‘नाही’ येणार. नियमाप्रमाणे रूपांतर करणारे छोटे फंक्शन लिहा. देवनागरीतही कॅशची किल्ली बनवण्याआधी युनिकोडचे एकच रूप करा. ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिता येतो आणि र खाली नुक्ता देऊनही. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाला ती दोन पुस्तके वाटतात आणि दोनदा विचारणा होते.

आयएसबीएन बाहेर पाठवण्याआधी तपासअंक, म्हणजे क्रमांक बरोबर आहे का ते पडताळणारा शेवटचा अंक, घरीच तपासा. चुकीच्या क्रमांकावर कोटा घालवणे सगळ्यात वाईट. पण तेरा अंकी क्रमांकाची एक कमजोरी माहीत असू द्या. ९७८०३०६४०६१५७ हा बरोबर क्रमांक आहे. यातले ६ आणि १ अदलाबदल होऊन ९७८०३०६४०१६५७ टाइप झाले तरी तपासअंक ‘बरोबर’ म्हणतो, कारण एकाआड एक अंकाला ३ ने गुणायची पद्धत आहे आणि ज्या शेजारच्या अंकांत ५ चा फरक आहे त्यांची अदलाबदल तिला कळत नाही. जुन्या दहा अंकी पद्धतीत ११ ने भागत, तिला ही चूक कळायची. म्हणून उत्तर आल्यावर शीर्षक ताडून पाहा आणि अजिबात जुळत नसेल तर ग्रंथपालांसमोर ठेवा, आपोआप चिकटवू नका.

एवढे करूनही काही हजार मराठी पुस्तके उरतील, ज्यांना आयएसबीएनच नाही आणि ज्यांचे मुखपृष्ठ जगात कोणत्याही सेवेकडे नाही. तिथे कोटा वाढवून उपयोग नाही. खिडकीजवळ टेबल, पांढरा कागद, मोबाइल. एका ब वर्गाच्या वाचनालयात उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन मुलींनी रोज दुपारी दोन तास बसून मुखपृष्ठ आणि शीर्षकपान अशी दोन-दोन छायाचित्रे काढली, फाइलला नाव दिले दाखल क्रमांकाचे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या नावाने चित्रे एकगठ्ठा चढवायची सोय करून द्या, तेवढे तुमचे काम. शीर्षकपानावरून केलेल्या नोंदी, म्हणजे शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि वर्ष, ओपन लायब्ररीतही भरा. तिथे कोणालाही भरता येतात. पुढच्या महिन्याच्या डम्पमध्ये त्या येतील आणि दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयाच्या प्रोग्रॅमला ‘नाही’ ऐवजी ते पुस्तक मिळेल.